बखरीपासून चर्चापानापर्यंत

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याचा माणूस तालुक्याच्या कामाला निघाला की ‘जरा इस्लामपूरला जाऊन येतो’ असं सांगून घराबाहेर पडतो. दुसरा कुणी आवर्जून ‘ईश्वरपूर’ म्हणतो. या नावाची मागणी इथल्या सभांमधून कित्येक वर्षं होत आली आहे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘उरुण’ येतं. तालुक्याचं नाव तर आणखी वेगळं, वाळवा, आणि त्या नावाचं गाव दुसरीकडेच. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं शहराचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधिमंडळात जाहीर केला. बोलण्यात ही सगळी नावं शेजारी शेजारी नांदतात, कारण ऐकणाऱ्याला गाव कळलेलं असतं. ज्ञानकोशाच्या पानाला मात्र मथळा एकच लागतो. तो कोणता, आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नापाशी राजकारण ज्ञानकोशात शिरतं.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया त्यानंतर दोन वर्षांनी, २००३ च्या मे महिन्यात उभा राहिला. त्याला पगारी संपादक मंडळ नाही. वाचणारा कुणीही ‘संपादन’ या शब्दावर बोट ठेवून मजकूर बदलू शकतो. केलेला प्रत्येक बदल, तो करणाऱ्याच्या सदस्यनावासह आणि वेळेसह, पानाच्या ‘इतिहासा’त साठत जातो. मतभेद झाला तर लेखाला जोडलेल्या चर्चापानावर बोलायचं. तिथं मिटला नाही तर तो चावडीवर न्यायचा. मराठी विकिपीडियानं सार्वजनिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ हेच नाव दिलं आहे. तिथले इतर शब्दही असेच घरातले आहेत. सराव करायची जागा ‘धूळपाटी’, यांत्रिक कामं उरकणारा प्रोग्रॅम ‘सांगकाम्या’, मुद्दाम केलेली नासधूस म्हणजे ‘उत्पात’, आणि सदस्यांची मतं अजमावणं म्हणजे ‘कौल’. कौल घेऊनच काही सदस्यांना ‘प्रचालक’ करतात. पान सुरक्षित करणं, वगळणं, उत्पाती सदस्याला रोखणं हे अधिकार त्यांच्याकडे असतात. मजकुराच्या बाबतीत मात्र नियमानुसार प्रचालकाचं मत इतर कुणाच्याही मताइतकंच.

मथळ्याच्या बाबतीत इंग्रजी विकिपीडियाचा दंडक असा, की राजपत्रातलं नाव आपोआप वर चढत नाही. विश्वासार्ह लेखनात जे नाव सर्वांत जास्त वापरात असेल ते मथळ्याला, आणि अधिकृत नाव पहिल्याच वाक्यात. युक्रेननं आपल्या राजधानीच्या नावाचं युक्रेनी वळणाचं रोमन स्पेलिंग १९९५ मध्ये ठरवलं, पण इंग्रजी विकिपीडियानं रशियन वळणाचं जुनं नाव बदललं ते सप्टेंबर २०२० मध्ये. जगभरच्या वृत्तपत्रांनी नवं रूप स्वीकारेपर्यंत कित्येक वर्षं चर्चापान धगधगत राहिलं. आपल्याकडे औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांच्या नामांतराला केंद्रानं फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली, तेव्हा छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं मराठी वृत्तपत्रांत फार लवकर रुळली. इंग्रजी लेखनात त्यांना वेळ लागला. त्यामुळे एकाच शहराचं मराठी पान एका नावानं आणि इंग्रजी पान दुसऱ्या नावानं असू शकतं. यात कुणाचं कारस्थान असायची गरज नाही. दोन भाषांतले वाचक दोन वेगळ्या गतीनं चालतात, एवढंच त्याचं कारण.

मराठीत तर पक्षपाताचा प्रश्न मथळ्याच्याही आधी, व्याकरणात उभा राहतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला एका सर्वनामात सगळे पुरुष बसवता येतात. मराठी लिहिणाऱ्याला प्रत्येक माणसासाठी ठरवावं लागतं: ‘तो’ की ‘ते’? ‘त्याने’ की ‘त्यांनी’? औरंगजेब ‘आला’ की ‘आले’? अफजलखान ‘म्हणाला’ आणि शिवाजी महाराज ‘म्हणाले’ हे आपल्या कानाला इतकं स्वाभाविक वाटतं, की त्यात आपण एक बाजू घेतली आहे हे लक्षातही येत नाही. राजवाडे, सरदेसाई यांच्या पिढीचे इतिहासकार शिवाजीबद्दल एकेरीत लिहीत, आणि त्यांच्या भक्तीबद्दल कुणी शंका घेतली नव्हती. आज तेच एकेरी वाक्य अपमान ठरेल. इंग्रजी विकिपीडियावर महाराजांच्या लेखाचा मथळा नुसता ‘शिवाजी’ असा आहे, कारण तिथं मथळ्यात आदरार्थी बिरुद लावायचं नाही असा सर्वांसाठीचा नियम आहे. मराठी वाचक तो मथळा पाहतो आणि दुखावतो. त्याला खुपतं ते त्याच्या भाषेच्या व्याकरणातून आलेलं असतं, म्हणून ते खोटंही नसतं. पण अमेरिकेतल्या किंवा केरळातल्या संपादकाला ते जाणवत नाही, हेही खरं.

आपल्या भागात आणखी एक शब्दांचा प्रकार आहे. लोकनेते, कार्यसम्राट, भाग्यविधाते, सहकारमहर्षी. साखर कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षण संस्था यांभोवती ज्या जिल्ह्याचं सार्वजनिक जीवन फिरतं तिथं हे शब्द फ्लेक्सवरून अभिनंदनाच्या पुरवणीत येतात आणि पुरवणीतून एखाद्या हौशी कार्यकर्त्यानं लिहिलेल्या विकिपीडिया लेखात. निवडणूक जवळ आली की त्यांना भर येतो. संस्थांची यादी वाढते, आणि एखादा जुना खटला किंवा पराभव लेखातून गळून पडतो. दुसऱ्या गटाचा कार्यकर्ता तो परत घालतो आणि सोबत दोन अपशब्दही घालतो. प्रचालकानं दोन्ही काढले की दोघेही त्याला विरोधी गटाचा समजतात. फुकट आणि रात्री जागून केलं जाणारं हे काम आहे, आणि त्याबद्दल आपल्या मनात जेवढा आदर असायला हवा तेवढा नाही.

‘तटस्थ’ या शब्दाचा अर्थही इथं नीट समजून घ्यायला हवा. दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जागा, असा तो नाही. अभ्यासकांच्या लेखनात ज्या मताला जेवढं वजन, तेवढीच त्याला लेखात जागा. शिवजन्माच्या तारखेचं उदाहरण घ्या. एकेकाळी १६२७ हे वर्ष सर्वमान्य होतं. मग कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे शकवार घटनांची जंत्री, लोकमान्य टिळकांच्या हाती आली, १९१६ मध्ये ती छापली गेली, आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी पुढे आली. तिला दुजोरा देणारी इतर साधनंही मिळाली. आज तटस्थपणे लिहायचं तर १६३० ठळकपणे द्यायचं, आणि १६२७ कोण मानत असे, का मानत असे, हे त्याखाली थोडक्यात सांगायचं. शकावली सापडली नसती तर तटस्थ लेखानं १६२७ हेच दिलं असतं. ज्ञानकोश उपलब्ध साधनांच्या पुढे एक पाऊलही टाकू शकत नाही. तिथं स्वतःचं नवं संशोधन मांडायला बंदी आहे. आधी कुठंतरी छापलेलं, पडताळता येईल असंच तिथं येतं.

आता साधनंच एका बाजूला झुकलेली असतील तर? संभाजी महाराजांच्या लेखावरून झालेला वाद याच प्रश्नाचा आहे, आणि त्याचा धागा आपल्या साताऱ्यातूनच निघतो.

संगमेश्वरला १ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजी महाराज पकडले गेले, आणि ११ मार्चला औरंगजेबानं त्यांची हाल करून हत्या केली. त्यांचं जे चरित्र पुढे दीर्घकाळ प्रमाण मानलं गेलं ते मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतलं. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, साताऱ्याच्या छत्रपतींच्या आश्रयानं, म्हणजे घटनेनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातले. या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून मृत्युदंड दिला होता. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ त्यानंतरही स्वराज्याशी एकनिष्ठ राहिला, ही त्या घराण्याची थोरवी. पण बखरकाराच्या लेखणीत जुनी जखम वाहत होती असं पुढच्या संशोधकांना वाटलं, आणि ते वाटण्याला आधार आहे.

ग्रँट डफ १८१८ पासून काही वर्षं साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्यानं मराठ्यांचा इतिहास लिहिताना चिटणिसांचं लेखन वापरलं. त्याचे तीन खंड १८२६ मध्ये लंडनला निघाले. पुढच्या शंभर वर्षांतल्या इंग्रजी लेखकांनी ग्रँट डफ वाचला, मोगल दरबारच्या इतिहासकारांची फारसी वर्णनं वाचली, आणि व्यसनी, उतावळा, राज्य घालवणारा असा संभाजी इंग्रजी ग्रंथांतून रुजला. मराठी नाटकांनीही तोच उचलला.

उलट बाजूनं मोठं काम मराठीत झालं. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कित्येक दशकं या एका विषयावर घालवली, आणि त्यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ १९६० मध्ये आला. समकालीन कागदपत्रं लावून त्यांनी बखरीतल्या एकेका आरोपाची तपासणी केली. त्यानंतर कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिलं. नऊ वर्षं एकाच वेळी मोगल, सिद्दी, पोर्तुगीज यांच्याशी लढणारा आणि संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा राजा मराठी वाचकाला या संशोधनातून भेटला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ ची, आणि ती जिथं उभी आहे तिथली जमीन बेंद्र्यांनी नांगरून ठेवलेली होती.

त्या कादंबरीवरचा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या हजारो लोकांनी फोनवर संभाजी महाराजांचं नाव शोधलं, आणि त्यांच्यासमोर इंग्रजी विकिपीडियाचा लेख आला. त्यातली महाराजांच्या वर्तनाबद्दलची काही वाक्यं वाचून संताप झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधायला सांगितलं. महाराष्ट्र सायबरनं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानला मजकूर हटवण्याची नोटीस पाठवली, आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला.

संताप मला समजतो. या मातीतल्या माणसाला तो आला नाही तरच नवल. पण पोलिसांची नोटीस ज्याच्यावर बजावायची तो दोषी कोण, हे शोधायला गेलं तर बोट फोनपाशी बसलेल्या एखाद्या अनामिक संपादकावर थांबत नाही. त्यानं छापील पुस्तकांतलं वाक्य उचलून खाली तळटीप दिलेली असते. बोट पुस्तकाकडे जातं, पुस्तकाकडून ग्रँट डफकडे, आणि तिथून साताऱ्यातल्या चिटणिसांच्या दप्तराकडे. इंग्रजी विकिपीडियावर मराठी ग्रंथ वर्ज्य नाहीत. कोणत्याही भाषेतलं साधन चालतं, फक्त तोडीचं इंग्रजी साधन असेल तर वाचकाच्या सोयीसाठी ते आधी घेतात. बेंद्रे वाचून, पृष्ठ क्रमांक देऊन, मूळ उतारा आणि त्याचा अनुवाद चर्चापानावर मांडणारा माणूस तिथं टिकतो. असे किती जण आपण तयार केले? ज्या बेंद्र्यांमुळे आपली मान ताठ झाली, त्यांच्या संभाजीचरित्राची ओळख मराठीबाहेर किती जणांना आहे?

वाद पेटला की प्रत्यक्षात काय घडतं तेही सांगायला हवं, कारण गैरसमज तिथंच वाढतो. एखादं पान बातमीत आलं की शेकडो नवी खाती तिथं धडकतात. बहुतेकांच्या हातात पुस्तक नसतं. ते वाक्य खोडतात, बिरुदं जोडतात, शिव्या लिहितात. काही मिनिटांत जुना संपादक ते उलटवतो. हे थांबेना की प्रचालक पान सुरक्षित करतो. इंग्रजीतल्या संवेदनशील विषयांवर असं कुलूप लागतं, की ज्याच्या खात्याला तीस दिवस झाले आहेत आणि ज्यानं किमान ५०० संपादनं केली आहेत त्यालाच लिहिता येतं. बाहेर राहिलेल्याला वाटतं, बघा, आपल्याला बोलूच देत नाहीत. त्याच्यासाठी चर्चापान बहुधा उघडं असतं, तिथं विनंती नोंदवता येते, पण एवढी वाट त्याला कुणी दाखवलेली नसते. आणि एक गोष्ट मान्य करायला हवी: कुलूप लागतं तेव्हा पानावर जो मजकूर असतो तोच गोठतो, मग तो सदोष का असेना. नियम माहीत असलेल्या जुन्या संपादकाला याचा फायदा मिळतो. तक्रार सगळीच पोकळ नाही.

जातींवरच्या लेखांतही हाच प्रश्न येतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जातींची वर्णनं लिहून ठेवली. सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर १८८५ चं. गावांची, पिकांची, घाटांची माहिती म्हणून ते आजही मोलाचं आहे. पण अमुक जात ‘कामसू’, तमुक ‘चोरटी’ असली त्या काळची वाक्यं आज ज्ञान म्हणून कशी छापायची? इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी बऱ्याच भांडणांनंतर असं ठरवलं, की जातींविषयी लिहिताना ब्रिटिश अमदानीतल्या अधिकाऱ्यांचे ग्रंथ विश्वासार्ह धरायचे नाहीत. हा निर्णय कोणत्याही न्यायालयानं दिलेला नाही. जातीचा अभिमान बाळगणारे आणि जातीचा अपमान सोसलेले, दोघेही जिथं लिहायला येतात अशा चर्चापानांवर वर्षानुवर्षं वाद घालूनच तो तयार झाला.

न्यायालयंही आता या वादात आली आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेनं जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडियाविरुद्ध दोन कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. संस्था सरकारच्या प्रचाराचं साधन बनल्याचा आरोप तिच्यावर झाल्याचं तिच्याविषयीच्या लेखात लिहिलं होतं. खटल्याबद्दलचाच एक लेख विकिपीडियावर तयार झाला, तेव्हा न्यायालयानं तो काढायला लावला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं तो वाचकांसाठी बंद केला. सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठानं ९ मे २०२५ रोजी तो आदेश रद्द केला. न्यायालयीन प्रकरणांवर लोकांनी खुली चर्चा करायलाच हवी, अशी त्यांची भूमिका होती. मूळ दावा हा वेगळा भाग. त्यात मजकूर लिहिणाऱ्या स्वयंसेवकांची ओळख मागितली गेली, आणि त्यांना समन्स पोचवताना नावं बंद पाकिटात द्यायची असं ठरलं. पगार न घेता लिहिणाऱ्या माणसाला उद्या दिल्लीच्या न्यायालयात उभं राहावं लागेल असं वाटलं तर तो राजकारणावर लिहिणं सोडून फुलपाखरांवर लिहील. मग राजकारणाची पानं कोणासाठी मोकळी राहतील?

मला मात्र इंग्रजी विकिपीडियापेक्षा मराठी विकिपीडियाची काळजी जास्त वाटते. इंग्रजीत भांडायला माणसं पुष्कळ आहेत. शेन ग्रीनस्टीन आणि फेंग झू या अभ्यासकांनी विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतल्या अमेरिकी राजकारणावरच्या सुमारे ४,००० लेखांची तुलना केली. विकिपीडियाचे लेख डेमोक्रॅटिक पक्षाच्या भाषेकडे अधिक झुकलेले निघाले. पण ज्या लेखांवर संपादनं जास्त झाली होती तिथं झुकाव कमी होत ब्रिटानिकाच्या जवळ आला होता. दुसरा एक अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात आला. ज्या लेखावर डावे आणि उजवे दोन्ही विचारांचे लोक मिळून राबले, तो एकाच विचाराच्या लोकांनी लिहिलेल्या लेखापेक्षा सरस निघाला होता. म्हणजे औषध भांडणातच आहे, फक्त भांडणारे दोन्हीकडचे हवेत आणि पुरेसे हवेत.

ते नसले तर काय होतं, हे क्रोएशियाच्या अनुभवावरून दिसतं. क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर २०११ च्या सुमारास प्रचालकांच्या एका छोट्या गटानं पकड घेतली. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या फॅसिस्ट राजवटीची कृत्यं सौम्य करून लिहिली गेली, यासेनोवात्सच्या छळछावणीचं स्वरूप झाकलं गेलं, आणि विरोध करणाऱ्या सदस्यांना एकेक करून रोखलं गेलं. देशाच्या शिक्षणमंत्र्यांना २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना सांगावं लागलं, की आपल्या भाषेतला विकिपीडिया वापरू नका. ती पकड सुटायला २०२० उजाडलं, आणि विकिमीडियानं बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून घेतलेला अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नियम तिथंही तेच होते, चर्चापानंही होती. माणसं थोडी होती, आणि ती एका बाजूची होती.

मराठीत असं घडलं आहे असं मी म्हणत नाही. मोजक्या लोकांनी वीस वर्षांहून अधिक काळ नेटानं हे घर सांभाळलं आहे. पण कोट्यवधी भाषकांच्या भाषेत नियमित लिहिणारे मोजकेच असतील, तर आपल्या तालुक्यातल्या दहा निश्चयी माणसांना एखादा विषय हवा तसा वळवता येईल. आणि त्याहून जास्त धोका शांत पानांचा आहे. तिथं पाच वर्षांपूर्वी कुणी काहीतरी लिहून गेलं, आणि नंतर कुणी फिरकलंच नाही.

मराठीला ज्ञानकोशाची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सरकारी मदतीशिवाय, वर्गणीदार आणि भागीदार गोळा करत, १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. त्यात केतकरांची स्वतःची मतं जागोजागी दिसतात, आणि ती केतकरांची आहेत हे वाचकाला ठाऊक असतं. पुढे वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश उभा केला. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. वाई आणि आष्टा १९४९ पर्यंत एकाच सातारा जिल्ह्यातली, म्हणून मला त्या कोशाबद्दल घरच्यासारखी ओढ आहे. विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. चूक असेल तर कोणाला विचारायचं ते कळतं. विकिपीडियात नावाऐवजी इतिहास असतो: कोणतं वाक्य कधी आलं, कोणत्या आक्षेपानं बदललं, हे तारखेसह उघडं. दोन्ही रीतींत वाचकाला मागं जाऊन पाहायची सोय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये इलॉन मस्क यांच्या कंपनीनं विकिपीडिया पक्षपाती आहे असं म्हणत यंत्रानं लिहिलेला ज्ञानकोश सुरू केला. वाचक तिथं दुरुस्ती सुचवू शकतो, पण मजकुरामागं ना लेखकाचं नाव, ना माणसांनी एकमेकांशी घातलेला वाद. वाक्य असंच का लिहिलं, हे विचारायला समोर माणूसच नाही.

परत आपल्या भागाकडे येतो. आष्ट्याभोवतीच्या या कृष्णाकाठानं १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालवलं. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलचे जी. डी. बापू लाड. गावोगावी न्यायनिवाडे झाले, तुफान सेना उभी राहिली, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवली गेली, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याच्या बाजूला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. या ‘लुटला’ शब्दापाशीच थांबून पाहा. इथल्या घरांत कुणी ‘दरोडा’ म्हणत नाही. ब्रिटिश पोलिसांच्या कागदांत दुसरा शब्द नाही. ‘पत्री सरकार’ हे नावसुद्धा कुठून आलं यावर दोन मतं आहेत: कुणी ते ‘प्रति’चं बोलीतलं रूप मानतं, कुणी फितुरांच्या तळपायांना दिल्या जाणाऱ्या शिक्षेशी जोडतं. त्या शिक्षांचं काय लिहायचं? फितुराला झालेला न्याय, की गावकऱ्यावर झालेली जबरदस्ती? ज्या घरातल्या माणसाला ती शिक्षा झाली त्या घराची आठवण वेगळी असणार, आणि तटस्थ लेखात तिलाही तिच्या वजनाइतकी जागा असायला हवी. हे लिहिताना माझाही हात अडखळतो, कारण या चळवळीबद्दल मला अपार प्रेम आहे.

इंग्रजीत या विषयावर आधार देता येतो तो काही अभ्यासकांमुळे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि आपल्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावला घर केलेल्या गेल ऑम्वेट यांनी प्रतिसरकारवर लिहिलं. त्यांच्या सासूबाई इंदुमती पाटणकर स्वतः त्या लढ्यातल्या. पी. साईनाथ यांनी कुंडलच्या कॅप्टन भाऊंना, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाडांना, बोलतं केलं आणि ते छापलं. कॅप्टन भाऊ २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांनी सांगितलेलं आता तळटिपेत देता येतं. आष्ट्याच्या भावईचंही असंच आहे. चौंडेश्वरीच्या या उत्सवातला क्रम, मान, सोंगं इथल्या कितीतरी घरांना तोंडपाठ आहेत. उद्या इथल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीनं ती लिहून काढली तर खाली ‘संदर्भ हवा’ असा शिक्का बसेल, आणि नियमाप्रमाणे तो बरोबरच असेल. आजीनं सांगितलं, हा तिथं आधार होत नाही. आजीनं सांगितलेलं वाचनालयाच्या स्मरणिकेत, तालुक्याच्या अंकात किंवा विद्यापीठाच्या प्रबंधात आलं, तर मग त्याला हात धरून पुढे नेता येतं.

वाळवा, पलूस, तासगावच्या घरांत अजून जुन्या वह्या आहेत, तुरुंगातून आलेली पत्रं आहेत, कुणाकडे वडिलांनी उतारवयात लिहून ठेवलेल्या आठवणी आहेत. माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, वाळवीच्या तोंडाशी. आणि याच माणसांना दरोडेखोर म्हणणारे पोलीस खात्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात क्रमांक घालून, बांधून ठेवलेले आहेत, आणि मागणीचा अर्ज भरला की ते वाचायला मिळतात.